जांभळ्या अक्षरांचं करायचं काय?

एखादं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सोर्समधून बिल्ड करायला घ्या. 'कॉन्फिगर' झालं, 'मेक' टाइप करून एंटर मारलं, की स्क्रीनवर ओळींचा धबधबा सुरू. (रास्पबेरी पायवर ओपनसीव्ही बिल्ड करत असाल तर हा धबधबा काही तास चालतो. मेसला जाऊन या, एक झोपही काढून या.) या धबधब्यात जांभळ्या अक्षरांतला 'वॉर्निंग' हा शब्द मधूनमधून चमकत असतो. पन्नासदा, शंभरदा, कधी मोजायचा कंटाळा येईल इतक्यांदा.

हॉस्टेलवर यावर दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. सेकंड इयरवाला घाबरतो, "अरे बघ ना, काहीतरी फाटलंय!" आणि शेजारच्या कॉटवरचा सीनिअर मान वर न करता सांगतो, "वॉर्निंगच आहे ना? एरर नाही ना? मग सोड रे." खरं सांगायचं तर सीनिअरचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर निघतं. सॉफ्टवेअर बिल्ड होतं, चालतं, प्रोजेक्टचा डेमोही पार पडतो. पण हे "सोड रे" त्याने ती ओळ वाचून सांगितलेलं नसतं. माझं भांडण आहे ते तेवढ्याशीच.

एरर देताना कंपायलर म्हणतो, हे मला जमणार नाही. वॉर्निंग देताना म्हणतो, जमवलंय, पण तुम्हाला खरंच हेच म्हणायचं होतं का? आता हा प्रश्न विचारलाय कोणाला? कोड लिहिणाऱ्याला. काय म्हणायचं होतं ते त्यालाच ठाऊक. आपण नुसते बिल्ड करणारे. म्हणजे दुसऱ्याच्या नावाचं पत्र कोणीतरी आपल्या रूमच्या दाराखालून सरकवलेलं. त्याला उत्तर लिहायला बसायचं नाही हे खरं, पण पाकिटावर 'तातडीचे' असं लिहिलंय का, एवढं तरी बघाल की नाही?

रोबोटिक्स क्लबवाल्यांना हा अनुभव चांगलाच असणार. आरओएस-२ मध्ये 'कोलकॉन'ने बिल्ड केलं की शेवटी तो सांगतो, अमुक इतक्या पॅकेजेसनी 'एसटीडीएरर'वर काहीतरी लिहिलंय. नावातच 'एरर' असल्यामुळे नवीन पोरं हादरतात. लिहिलेलं काय असतं? बऱ्याचदा 'सेटअप डॉट पीवाय इन्स्टॉल ही पद्धत आता जुनी झाली' अशी पायथनच्या सेटअपटूल्सची कुरकुर. ती बिल्डची साधनं लिहिणाऱ्यांसाठी आहे. आपल्या रोबोच्या चाकांचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

बरं, हा प्रश्न विचारणारा कंपायलर शहाणा असतो का? असतो, पण त्याची नजर आखूड. समजा एका फंक्शनमध्ये वर एक 'इफ' आहे: फाइल उघडली असेल तर 'लांबी' या व्हेरिएबलमध्ये किंमत भरा. मध्ये वीस ओळींचं दुसरंच काम. खाली पुन्हा तोच 'इफ': फाइल उघडली असेल तर 'लांबी' वापरा. माणसाला लगेच दिसतं की भरल्याशिवाय वापर होणारच नाही. कंपायलरला मात्र दोन्ही अटी एकच आहेत आणि मधल्या वीस ओळींत काही बदललेलं नाही, हे सिद्ध करावं लागतं. मध्ये दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शनला कॉल आला की त्याचे हात टेकतात, कारण तिकडे आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. मग तो म्हणतो, 'लांबी' कदाचित किंमत न भरताच वापरली जातेय. हे 'कदाचित' जीसीसीच्या त्या वॉर्निंगच्या नावातच आहे: 'मेबी अनइनिशिअलाइज्ड'. शिवाय ही तपासणी चालते ऑप्टिमायझरच्या जिवावर. ऑप्टिमायझेशन बंद ठेवलं तर वॉर्निंग गायब, पातळी वाढवली तर नव्या हजर, कंपायलरची आवृत्ती बदलली तर यादीच वेगळी. आणि कोड? तोच, एक अक्षरही न बदललेला! लायनस टॉरवाल्ड्स यांनी २०२० साली ही वॉर्निंग लिनक्स कर्नलच्या नेहमीच्या बिल्डमधून वैतागून काढूनच टाकली.

कंपायलरच्या पेपरासाठी 'डेटा-फ्लो ॲनालिसिस' म्हणून आपण जे घोकतो ते हेच बरं का. आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने तर जीसीसीच्या पोटात शिरून हे शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या होत्या. असो.

इशारा खरा असला तरी त्याची भाषा बघा. 'टाइप-पन्ड पॉइंटर डीरेफरन्स केल्यास स्ट्रिक्ट एलिअसिंगचे नियम मोडतील.' दोन हजारच्या दशकात सोर्समधून काहीही बिल्ड करणाऱ्याने हे वाक्य इतक्यांदा पाहिलं असेल की पाठ झालं असेल, पण समजलं किती जणांना? कोणता नियम, मोडला तर होईल काय, करायचं काय, याबद्दल चकार शब्द नाही. तहसील कचेरीतून 'कलम अमुक अन्वये' अशी नोटीस यावी तसं. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. क्लँग नावाचा प्रतिस्पर्धी आल्यावर जीसीसीही सुधारला. २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून तो नेमक्या जागेखाली खूण करून दाखवतो, पुढच्या वर्षी रंग आले, आणि आता प्रत्येक वॉर्निंगच्या शेवटी चौकटी कंसात ती कुठल्या पर्यायामुळे आली त्याचं नाव असतं. हे कंसातलं नाव फार कामाचं आहे, त्याकडे पुढे येतो. आणि हो, 'डब्ल्यू-ऑल' हा पर्याय 'ऑल' म्हणवत असला तरी सगळ्या वॉर्निंग देत नाही. त्याच्यापुढे 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' आहे, आणि त्यातही न मावणाऱ्या आणखी डझनावारी आहेत. 'अनलिमिटेड थाळी, स्वीट डिशचे वेगळे पैसे' यातलाच प्रकार.

आता या गर्दीने नुकसान काय होतं ते बघू. आपल्या घाटांत 'अपघाती वळण, वाहने सावकाश हाका' असे फलक असतात. तोच फलक दर दहा फुटांवर लावला तर तिसऱ्या फलकानंतर ड्रायव्हर वाचणंच सोडून देईल. सी भाषेत असं एक खरंखुरं वळण पंचवीस वर्षं फलकांच्या गर्दीत उभं होतं. एखादं फंक्शन आधी जाहीर न करताच कॉल केलं, तर जुन्या रिवाजाप्रमाणे कंपायलर गृहीत धरायचा की ते 'इंट' परत देतं. १९९९ च्या सी मानकाने ही सवलत काढून घेतली, तरी जीसीसी नुसती वॉर्निंग देऊन पुढे जायचा. ३२ बिटांच्या मशीनवर इंटही ३२ बिटांचा आणि पॉइंटरही ३२ बिटांचा, त्यामुळे फंक्शन प्रत्यक्षात पॉइंटर देत असलं तरी निभावून जायचं. ६४ बिटांच्या मशीनवर तोच पत्ता अर्धा कापला जातो. प्रोग्राम बिल्ड होतो, सुरूही होतो, आणि भलत्याच ठिकाणी सेगमेंटेशन फॉल्ट देऊन आडवा पडतो. मग डीबगर काढा, रात्र जागवा. इशारा बिल्डच्या वेळीच आलेला असतो, 'अनयूज्ड व्हेरिएबल'च्या दोनशे ओळींच्या मधोमध!

शेवटी २०२४ मध्ये जीसीसी १४ ने या प्रकाराला थेट एरर ठरवलं. परिणाम असा की इतकी वर्षं नीट बिल्ड होणारी कित्येक जुनी पॅकेजेस नव्या कंपायलरवर अडकली. लोकांनी जीसीसीला शिव्या घातल्या. माझ्या मते उशीर झाला, पण केलं ते योग्यच केलं.

वॉर्निंग न वाचता सोडून देण्यापेक्षाही वाईट गोष्ट एकच. न समजता ती 'दुरुस्त' करणं. याचं सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण डेबियनचं. तिथे तक्रार कंपायलरची नव्हती, व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाची होती, पण जात तीच: 'किंमत न भरलेली मेमरी वापरली जातेय.' तक्रार होती ओपनएसएसएलच्या रँडम आकडे तयार करणाऱ्या कोडबद्दल. त्या फाइलमध्ये एकाच मजकुराची ओळ दोन ठिकाणी होती. एका ठिकाणी ती, मागणाऱ्याने दिलेल्या बफरमध्ये जो काही कचरा असेल तो रँडम साठ्यात मिसळायची. त्या कचऱ्याने फायदा फारसा नाही, तोटा तर मुळीच नाही. या जागेबद्दल असली साधनं कुरकुरतात हे मूळ लेखकांना माहीत होतं, तशी नोंदही कोडमध्ये होती. दुसऱ्या ठिकाणची ओळ दिसायला हुबेहूब तीच, पण सगळी खरी अनिश्चितता साठ्यात शिरायची ती तिथूनच. डेबियनचं पॅकेज सांभाळणाऱ्याने २००६ मध्ये दोन्ही ओळी बंद केल्या. त्याने ओपनएसएसएलच्या मंडळींना आधी विचारलंही होतं. पण तो सगळा संवाद डीबगिंगच्या सुरात झाला आणि बदल मात्र लाखो मशीन्सवर गेला.

तक्रार थांबली. आउटपुट स्वच्छ! रँडम साठ्यात शिल्लक काय राहिलं, तर प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. एका प्रकारच्या, एका लांबीच्या म्हणून डेबियन आणि उबंटूवर ज्या किल्ल्या तयार झाल्या त्या सगळ्या तेवढ्यातल्याच. साध्या लॅपटॉपवर त्यांची पूर्ण यादी तयार करता येते. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये, म्हणजे जवळपास पावणेदोन वर्षांनी. तोवर त्या किल्ल्या एसएसएचसाठी, वेब सर्व्हरच्या सर्टिफिकेटसाठी जगभर वापरल्या गेल्या होत्या. कमकुवत किल्ल्यांची काळी यादीच डेबियनला पॅकेज म्हणून वाटावी लागली.

या प्रसंगात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की त्या माणसाचा हेतू चांगला होता आणि पद्धत आपल्या सगळ्यांची होती. साधन जिथे बोट दाखवतं ती ओळ बघायची, ती बंद केली की तक्रार जाते का बघायचं, गेली की झालं. आपल्या लॅबमध्ये दुसरं काय चालतं? 'मेबी अनइनिशिअलाइज्ड' आली की 'इज इक्वल टू झीरो' ठोकायचं. शून्य ही त्या जागी बरोबर किंमत आहे की नाही याचा विचार नाही. उलट शून्य टाकल्यावर उद्या एखाद्या वाटेने खरोखरच किंमत भरायची राहिली, तर कंपायलर आता बोलणारही नाही. साइन्ड-अनसाइन्डची तक्रार आली की कास्ट मारायचा. पण वॉर्निंग गेली तरी उणे एकचा ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९५ व्हायचा तो होतोच. कर्नलमध्येसुद्धा व्हेरिएबलची किंमत त्याची त्यालाच देऊन वॉर्निंग गप्प करणारा एक मॅक्रो वर्षानुवर्षं होता. त्याआड खरे बग लपतात म्हणून २०२० मध्ये तो उपटून काढावा लागला.

आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ज्याची प्रत असते त्या एसक्यूलाइटचे लोक तर उघड सांगतात, की स्टॅटिक ॲनालिसिसने जेवढे बग सापडले त्यापेक्षा जास्त बग वॉर्निंग घालवण्याच्या खटपटीत कोडमध्ये शिरले. त्यांचा भरवसा चाचण्यांवर आहे, कोडची प्रत्येक फांदी चाचणीत चालवून बघण्यावर. हे म्हणणं एसक्यूलाइटला शोभतं हो. ज्याच्या मिनी-प्रोजेक्टची एकमेव चाचणी म्हणजे 'कालपर्यंत चालत होतं', त्याने ते उसनं घेऊ नये.

आणि हवी ती वॉर्निंग ऐन वेळी येतच नाही, असंही होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला घाईघाईने आयओएस ७.०.६ काढावं लागलं. कारण काय, तर सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा आली होती. दुसरी ओळ 'इफ'च्या बाहेर, त्यामुळे खालची सहीची तपासणी कधी चालायचीच नाही. खालचा कोड पोहोचण्यापलीकडचा आहे हे क्लँग सांगू शकत होता, पण ती वॉर्निंग 'ऑल'मध्ये नव्हती, वेगळी मागावी लागायची. जीसीसीने तर त्याच नावाचा आपला पर्याय आधीच निकामी केला होता, कारण निकाल ऑप्टिमायझरप्रमाणे बदलायचे. आजही ते नाव दिलं तर जीसीसी ते मुकाट्याने घेतो आणि काहीही करत नाही. फसवं इंडेंटेशन पकडणारी वॉर्निंग २०१६ मध्ये जीसीसी ६ मध्ये आली आणि ती मात्र 'ऑल'मध्ये बसवली.

मग काही जण म्हणतात, सोपा उपाय आहे, 'डब्ल्यू-एरर' लावा. प्रत्येक वॉर्निंग म्हणजे एरर. शिस्त म्हणजे शिस्त! प्रकल्पाच्या स्वतःच्या टीमने, स्वतःच्या ठरलेल्या कंपायलरवर हे जरूर करावं. पण लोकांना वाटायच्या टारबॉलमध्ये ही शिस्त ठेवणं मला मुळीच पटत नाही. आज लिहिलेला कोड चार वर्षांनी चार आवृत्त्या नव्या कंपायलरवर कोणीतरी बिल्ड करणार, तो कंपायलर चार नवे प्रश्न विचारणार, आणि शिक्षा त्या बिचाऱ्या बिल्ड करणाऱ्याला. टॉरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये कर्नलसाठी हे डीफॉल्टने चालू केलं, आणि बिल्ड मोडल्याची इतकी ओरड झाली की थोड्याच दिवसांत ते केवळ चाचणीच्या बिल्डपुरतं ठेवावं लागलं. जिथे त्यांना जमलं नाही तिथे तुमच्या-आमच्या लायब्ररीने हट्ट धरू नये.

तेव्हा दुसऱ्याचं सॉफ्टवेअर बिल्ड करताना काय करावं? आउटपुट नुसतं वाहू देऊ नका, 'टी' कमांड लावून लॉग फाइलमध्ये घ्या. मग त्या चौकटी कंसातल्या नावांची छाटणी करून कुठलं किती वेळा आलंय ते मोजा. 'ग्रेप', 'सॉर्ट', 'युनिक', दोन मिनिटांचं काम. तीनशे वॉर्निंग असल्या तरी नावं सहा-सातच निघतात. 'अनयूज्ड', 'डेप्रिकेटेड' यांना खुशाल रामराम करा. फंक्शन जाहीर नसणं, पॉइंटरचे प्रकार न जुळणं, 'प्रिंटएफ'चा फॉरमॅट न जुळणं, लोकल व्हेरिएबलचा पत्ता परत देणं, हे मात्र एकदाच आलं असलं तरी ती ओळ उघडून बघा. मशीन ६४ बिटांचं आणि सोर्स वीस वर्षांपूर्वीचा असेल तर नक्कीच बघा. बिल्ड 'डब्ल्यू-एरर'मुळे अडलं असेल तर मेकफाइल खरडू नका. जीडीबी, क्यूएमयू अशा बऱ्याच प्रकल्पांत कॉन्फिगरलाच ते बंद करायचा पर्याय आहे. नसेल तर सी-फ्लॅग्जमध्ये 'नो-एरर' द्या, म्हणजे बिल्ड पुढे जातं आणि वॉर्निंग दिसत राहतात. सगळ्याच गप्प करणारा स्मॉल डब्ल्यूचा पर्याय दिसायला मोहक आहे, पण तो तातडीचं पत्रही फेकून देतो.

स्वतःच्या कोडला मात्र ही सवलत नाही. तिथे पत्र तुमच्याच नावाचं आहे. प्रोजेक्टमध्ये दुसऱ्याची लायब्ररी असेल तर तिच्या हेडर फाइल्स 'आयसिस्टम'ने जोडा, त्यांची कुरकुर बंद होईल आणि स्क्रीनवर उरेल ते फक्त तुमचं. जाता जाता सरांना आणि मॅडमना एक विनंती. आपल्याकडच्या कित्येक लॅबमध्ये वर्षानुवर्षं टर्बो सी होता. 'व्हॉइड मेन' लिहिलं तरी तो खपवून घ्यायचा, आणि आउटपुट आलं की जर्नलवर सही मिळायची. ओरल्सला एखाद्या ग्रुपला त्यांच्याच बिल्डमधली एक वॉर्निंग दाखवून "ही का आली?" एवढं विचारून बघा. पोरं पहिल्या वर्षी चिडतील.

आता राहिला प्रश्न रेझ्युमेसाठी ओपन सोर्समध्ये पॅच पाठवणाऱ्यांचा. 'फिक्स्ड कंपायलर वॉर्निंग्ज' हा पॅच सगळ्यांना सोपा वाटतो. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टचा असा पूर आला की आयोजकांना ऐन महिन्यात नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी होकार दिलाय तेवढेच धरावे लागले. त्या पुरात आपल्या देशातली कॉलेजं कमी नव्हती, हे सांगायला कोणी नको. एखादा मेंटेनर अशा पॅचला रागाने उत्तर देतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कदाचित २००८ असतं.

पण वॉर्निंगवरचं काम नीटही करता येतं. 'स्विच'मध्ये 'ब्रेक' न लिहिता खालच्या 'केस'मध्ये घसरणं हे कधी मुद्दाम असतं, कधी विसरल्यामुळे. जीसीसी ७ ने २०१७ मध्ये याची वॉर्निंग आणली आणि गंमत म्हणजे तिथे 'फॉल थ्रू' अशी कॉमेंट असेल तर तो ती वाचून गप्प बसतो. (कॉमेंट मराठीत लिहिली तर नेहमीच्या पातळीवर त्याला कळत नाही. पातळी एकवर आणला की कुठल्याही भाषेतली चालते!) क्लँग मात्र कॉमेंटला भीक घालत नाही. कर्नलच्या मंडळींनी काही वर्षं खपून अशी एकेक जागा उघडली, तिथे घसरणं मुद्दाम आहे की चूक हे ठरवलं, मुद्दाम असेल तर तसं कोडमध्येच लिहिलं, चूक असेल तर 'ब्रेक' घातला. खरे बग त्यात निघाले. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून ती वॉर्निंग कर्नलमध्ये कायमची चालू आहे, आणि आता ती आली की लोक ती ओळ उघडून बघतात.